मोटारसायकलचे व्हिडिओ काय दाखवत नाहीत

गेल्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यातील एका गावी शिक्षक मित्राकडे दोन दिवस मुक्काम होता. संध्याकाळी पाऊस उघडला तेव्हा शाळेच्या ओट्यावर सात-आठ मुले एका मोबाईलभोवती गोळा होऊन बसलेली दिसली. काही नववी-दहावीतली, तर दोघे-तिघे शाळा सोडून वर्ष-दोन वर्षे झालेली. पडद्यावर एक मोटारसायकलस्वार जव्हारहून मोखाड्याकडे निघाला होता. मागे जोरदार संगीत, दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, धुके आणि एकामागून एक येणारी वळणे. रस्ता मुलांच्या रोजच्या येण्याजाण्याचाच होता.

व्हिडिओ संपल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, हा आपला रस्ता वाटतच नाय. आपला येवढा रुंद कुठं हाय?" दुसऱ्याने भर घातली, "आन् खड्डे पन नाय."

मित्र हसला. मी मात्र त्या दोन वाक्यांवरून पुढे महिनाभर असे व्हिडिओ पाहत बसलो. पुस्तकांची परीक्षणे होतात, चित्रपटांची होतात, पाठ्यपुस्तकांवर तर आपण शिक्षक मंडळी हिरिरीने बोलतो. आपले विद्यार्थी रोज तास-दोन तास जे पाहतात, त्याचे परीक्षण मात्र सहसा कोणी करत नाही. ते करून पाहावे असे वाटले.

आधी पाहणाऱ्यांविषयी थोडे. जव्हार आणि मोखाडा हे पालघर जिल्ह्यातील डोंगराळ, आदिवासी तालुके. जव्हारचा राजवाडा, दाभोसाचा धबधबा, सूर्यमाळचे पठार यांसाठी पावसाळ्यात मुंबई-ठाण्याहून आणि नाशिकहून मोटारसायकलींचे तांडे येतात. त्यातले काही डोक्यावर कॅमेरा लावून येतात. दुसरीकडे इथल्या अनेक घरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत पहिल्यांदाच मोटारसायकल आली आहे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा बांधकामावर जाऊन मिळवलेल्या पैशांतून जुनी गाडी घेतलेली असते, नाहीतर हप्त्यांवर नवी. एसटीची फेरी दिवसाला एक-दोन, जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे गाडी ही चैन नव्हे. बाळंतीण दवाखान्यात न्यायची, रेशन आणायचे, दुष्काळी महिन्यांत पाण्याचे ड्रम आणायचे, सगळे तिच्यावरच. घरात याआधी कोणी गाडी चालवलेली नसते, त्यामुळे शिकवणारेही कोणी नसते. शहरातला मुलगा निदान वडिलांच्या मागे बसून चार वर्षे वाहतूक पाहतो. इथल्या मुलाला मोटारसायकलची पहिली ओळख होते ती पडद्यावर, आणि गाडी चालवणारा माणूस कसा दिसतो हेही तो तिथेच शिकतो.

या व्हिडिओंवर टीका होते ती बहुतेक मोठे अपघात झाल्यावर. ३ मे २०२३ रोजी यमुना द्रुतगती मार्गावर डेहराडूनचा यूट्यूबर अगस्त्य चौहान याचा मृत्यू झाला. ताशी ३०० किलोमीटर वेग गाठण्याच्या प्रयत्नात अपघात झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तामिळनाडूत कांचीपुरमजवळ टीटीएफ वासन या प्रसिद्ध यूट्यूबरची गाडी पुढचे चाक उचलण्याच्या नादात उलटली. पुढे त्याचा वाहन परवाना दहा वर्षांसाठी निलंबित झाला. अशा घटनांवर अग्रलेख येतात, 'तरुणाई कुठे चालली आहे' असा प्रश्न विचारला जातो आणि विषय तिथेच संपतो. मला वाटते, या बातम्यांनी आपली थोडी दिशाभूलच होते. ताशी ३०० किलोमीटर जाणारी गाडी मोखाड्यातल्या मुलाच्या आयुष्यात येणारच नाही. त्याची गाडी १०० किंवा १२५ सीसीची, टायर गुळगुळीत झालेले. त्याच्या वाट्याला येणारा धोका वेगळ्या आकड्यांचा आहे: ताशी ३० आणि ताशी ४० यांच्यातला. आणि तो धोका बेफाम कसरतींच्या व्हिडिओंतून कमी, साध्या, सुंदर, निरुपद्रवी वाटणाऱ्या सहलीच्या व्हिडिओंतून जास्त येतो.

आता रस्ता रुंद का दिसला ते पाहू. डोक्यावर, हनुवटीवर किंवा हँडलवर लावण्याच्या या छोट्या कॅमेऱ्यांची भिंगे फार मोठा कोन टिपतात, शंभर-सव्वाशे अंशांपर्यंतही. पंधरा सेंटिमीटर लांबीचा मोबाईल चाळीस सेंटिमीटरवर धरला तर तो आपल्या डोळ्याशी जेमतेम वीस अंशांचा कोन करतो. म्हणजे सव्वाशे अंशांतले दृश्य वीस अंशांत कोंबून बसवलेले असते. याचे दोन परिणाम होतात. समोरचा जवळचा रस्ता पडद्याच्या तळाशी या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतो आणि ऐसपैस वाटतो. लांबचे वळण, लांबून येणारी जीप मात्र लहान आणि आहे त्याहून दूर दिसते. शिवाय कडेची झाडे, दगड, खांब पडद्याच्या टोकांना झपाट्याने मागे पळतात. वेगाचा अंदाज आपण मुख्यतः डोळ्यांसमोरून वस्तू किती भरभर सरकतात त्यावरून करतो. त्यामुळे वेग आहे त्याहून जास्त भासतो. हल्ली पुष्कळ मोबाईलमध्येही असे रुंद भिंग असते. एसटीच्या खिडकीतून एकदा नेहमीच्या आणि एकदा रुंद भिंगाने अर्धा-अर्धा मिनिट चित्रण करा आणि वर्गात दाखवून विचारा, कोणत्या वेळी बस जास्त जोरात होती. उत्तर ऐकण्यासारखे असते.

खड्ड्यांची गोष्ट आणखी गमतीची. हादऱ्यांनी चित्र हलू नये म्हणून कॅमेऱ्यातच एक सोय असते. प्रत्येक चौकट थोडी सरकवून, कापून, आधीच्या चौकटीशी जुळवली जाते. चालवणाऱ्याच्या मणक्याला बसलेला दणका पडद्यावर पोहोचतच नाही. बांधकाम खात्याला जे वर्षानुवर्षे जमले नाही ते कॅमेरा एका क्षणात करतो, असे मित्र म्हणाला. गाडी वळणात किती झुकली हेही अनेकदा कळत नाही, कारण कुशल चालक वळताना डोके सरळ ठेवतो आणि कॅमेरा डोक्यावर असतो. नवशिक्याला वाटते, वळण घेणे म्हणजे त्याच वेगात सरळ जात राहणे.

संगीताचेही असेच आहे. घाटातल्या आंधळ्या वळणावर समोरच्या गाडीचा आवाज, हॉर्न, वर चढणाऱ्या ट्रकचा कण्हण्याचा सूर ही सगळी माहिती असते. व्हिडिओत ती पुसून टाकलेली असते. आणि सर्वांत मोठी कात्री चालते ती वेळेवर. तीन तासांचा प्रवास पंधरा मिनिटांत बसवायचा म्हटल्यावर बैलगाडीच्या मागे काढलेली पाच मिनिटे, गुरे रस्त्यावरून हटेपर्यंत थांबणे, धुक्यात समोरचे दिसेना म्हणून बाजूला उभे राहणे हे सारे कापले जाते. उरतात ती मोकळी वळणे आणि पुढच्याला मागे टाकण्याचे क्षण. असा चालकही प्रत्यक्षात बहुतेक वेळ सबुरीने चालवत असणार, नाहीतर तो घरी पोहोचून व्हिडिओ जोडत बसला नसता. पण त्याची सबुरी कचऱ्यात गेली आणि त्याची अधीरता तेवढी प्रसिद्ध झाली.

दुसऱ्या दिवशी मित्राने एक साधा उद्योग केला. व्हिडिओतल्या एका तुकड्यात मुलांच्या ओळखीची मोरी आणि तिच्या पुढचे वळणावरचे आंब्याचे झाड असे दोन्ही दिसत होते, आणि मध्ये कुठे काप नव्हता. आधी मुलांना विचारले, हा किती वेगाने चालला आहे? कोणी सत्तर म्हणाले, कोणी ऐंशी. मग सकाळी लवकर, रस्त्यावर वर्दळ नसताना, मित्राने दोन मोठ्या मुलांना घेऊन शाळेच्या टेपने कडेकडेने अंतर मोजले: १९० मीटर. मोबाईलवर तेवढ्या तुकड्याला लागलेला वेळ मोजला: २० सेकंद. भागाकार मुलांनीच केला. सेकंदाला साडेनऊ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३४ किलोमीटर.

ओट्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. त्या ३४ मध्ये मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली दिसते. व्हिडिओतला चालक काही चूक करत नव्हता. पण पडद्यावर ३४ चे ७० दिसतात. आता हे पाहून मुलगा स्वतःच्या गाडीवर बसतो आणि ३४ ने जातो तेव्हा त्याच्या उघड्या डोळ्यांना ते फारच संथ वाटते. झाडे तशी पळत नाहीत, रस्ता तसा अंगावर येत नाही. व्हिडिओतला अनुभव मिळेपर्यंत तो मूठ पिळत राहतो. तो वेगाची नक्कल करत नाही, वेगाच्या भासाची नक्कल करतो, आणि तो भास जुळवायला त्याला खऱ्या चालकापेक्षा पुष्कळ जास्त वेग लागतो.

त्या ओट्यावर काठी टेकून बसलेला एकजण होता. मित्राचा माजी विद्यार्थी, वय एकोणीस. आदल्या वर्षी जुलैत शाळेच्या खालच्याच वळणावर त्याची गाडी घसरली होती. मागे मित्र बसलेला. दोघे वाचले, पण याचा पाय दोन ठिकाणी मोडला. भट्टीचा हंगाम बुडाला, गाडीचे हप्ते मात्र चालू राहिले. शेवटी बापाने एक बैल विकला. वेग किती होता, असे विचारल्यावर तो म्हणाला, "पन्नास तरी आसंल. पन जोरात वाटतच नव्हता सर."

या वळणाचे गणित दहावीच्या मुलांनाही करता येते. वळणात गाडीला आत खेचणारे बल रस्ता आणि टायर यांच्यातल्या घर्षणातूनच मिळते. लागणारे घर्षण वेगाच्या वर्गाला वळणाच्या त्रिज्येने आणि गुरुत्वत्वरणाने भागून निघते. त्रिज्या २० मीटर धरा. घाटातल्या तीव्र वळणांना ती याच्या आसपास असते. ताशी ३० किलोमीटरला उत्तर येते ०.३५. ताशी ४० ला ०.६३. ताशी ५० ला ०.९८. कोरड्या, चांगल्या डांबरावर घर्षणांक साधारण ०.७ ते ०.८ मिळतो, ओल्यावर ०.४ ते ०.५, आणि शेवाळ, चिखल किंवा सुटी खडी असेल तर त्याच्याही खाली. म्हणजे त्या वळणावर पावसात ३० ने जाणारा सुटतो, ४० ने जाणारा घसरतो, आणि ५० ने जाणारा कोरड्यातही घसरतो. काट्यावर दहाचा फरक, तो बोटाने मोजण्याइतकाही नाही. पण वर्ग केल्यामुळे गरज जवळपास दुप्पट झाली. रस्त्याला आत उतार दिलेला असेल तर थोडी सवलत मिळते. आपल्याकडे ती गृहीत धरू नये.

त्या मुलाने वळणात घाबरून मागचा ब्रेक दाबला होता. इथे आणखी एक गोष्ट मुलांना समजावता येते. घर्षणाची थैली एकच असते. त्यातले वळण्यासाठी खर्च झाले की ब्रेकसाठी तेवढे कमी उरते. वळणातच थैली रिकामी झालेली असताना ब्रेक मागितला तर चाक सरकणारच. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर. व्हिडिओत नेमका हाच क्षण दिसत नाही, कारण चालकाची दोन बोटे ब्रेकवर हळूच आवळली जातात आणि ती चौकटीच्या खाली असतात.

न दिसणाऱ्या गोष्टींची यादी इथे थांबत नाही. मोटारसायकल वळते कशी, हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले म्हणतील, डावीकडे वळायला हँडल डावीकडे फिरवायचे. अगदी मंद वेगात हे खरे आहे. थोडा वेग आला की मात्र डावीकडे वळायला हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे झुकते आणि मग डावीकडे वळते. विमानाचे जनक राइट बंधू मूळचे सायकलवाले. सायकलस्वार हे रोज करतात पण विचारल्यावर कोणालाच नीट सांगता येत नाही, असे विल्बर राइट यांच्या लक्षात आले होते. तळहात मुठींवर नुसते टेकवून, न पकडता, मोकळ्या मैदानात सायकल चालवत असताना डाव्या मुठीला अलगद पुढे रेटून पाहिले की कोणालाही पटते. वळण चुकते आहे असे दिसल्यावर नवशिका हँडल वळणाच्या दिशेने जोरात ओढतो आणि गाडी उलट बाहेर जाते, त्याचे कारण हे आहे. हाताचा हा दाब हलका असतो, हालचाल जेमतेम सेंटिमीटरभर. कितीही स्पष्ट व्हिडिओ असला तरी दाब दिसत नाही.

पुढच्या ब्रेकचेही तेच. 'पुढचा मारू नको, तोंडावर पडशील' हा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिला जाणारा सल्ला. सायकलच्या आणि मुरमाच्या रस्त्यांच्या काळात तो अगदीच खोटा नव्हता. सुट्या खडीवर पुढचे चाक अडकले तर सावरायला वेळ मिळत नाही. पण ब्रेक लावल्यावर वजन पुढच्या चाकावर येते, आणि डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचे निम्म्याहून बरेच अधिक काम तेच चाक करते. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली. १९८१ मध्ये त्यांचा अहवाल आला. अपघातातल्या ९२ टक्के चालकांनी गाडी स्वतःच किंवा घरच्या-मित्रांकडून शिकलेली होती. संकटात बहुतेकांनी मागचे चाक अडकवले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत मिळालेला वेळ बहुधा दोन सेकंदांच्या आत होता. दोन सेकंदांत माणूस पाहिलेले आठवत बसत नाही. हाताला जे येते तेच हात करतो.

शिकागो विद्यापीठातले मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी २०१८ मध्ये काही मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केले. भांडी न हलवता त्यांच्याखालचा टेबलक्लॉथ झटकन ओढून काढण्याचा व्हिडिओ काहींना एकदा, काहींना वीस वेळा दाखवला आणि विचारले, तुम्हाला जमेल का? वीस वेळा पाहिलेल्यांचा आत्मविश्वास बराच जास्त होता. बाण फेकण्यासारख्या कौशल्यात लोकांना प्रत्यक्ष करायलाही लावले. जास्त वेळा पाहिलेल्यांनी स्वतःकडून जास्त अपेक्षा केली. बाण मात्र एकदाच पाहिलेल्यांइतकेच चुकले. पाहण्याने खात्री वाढली, हात तिथेच राहिला. हे वाचताना मला आपलाच फळा आठवला. आपण उदाहरण सोडवतो, मुले माना डोलावतात, 'समजले का' म्हटल्यावर 'हो' येते, आणि घटक चाचणीत त्याच उदाहरणाचे आकडे बदलले की वही कोरी. व्हिडिओवाल्यांना नावे ठेवताना एवढे आपल्यापुरते लक्षात असावे.

आणखी एक फरक प्रयोगशाळेची सवय असणाऱ्यांना चटकन कळेल. साहित्य बदलले की निष्कर्ष बदलतो. व्हिडिओतल्या गाड्या बहुधा अडीचशे-चारशे सीसीच्या, रुंद टायरांच्या. त्यांना चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा असते. भारतात १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना ती सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी साधी सोय पुरेशी मानली गेली. जुन्या बाजारातून घेतलेल्या गाडीला तीही नसते. वर मागे दोघे, मध्ये तांदळाची गोणी. अशा गाडीवर तेच वळण हा वेगळाच प्रयोग आहे.

हेल्मेटबाबत मात्र या व्हिडिओंना दोष देता येणार नाही. जवळजवळ प्रत्येक चालकाच्या डोक्यावर ते असते, अंगात जाडजूड जाकीट, पायात बूट. म्हणजे अनुकरण करण्यासारखी चांगली गोष्ट समोर आहे. मग वळणाची लकब उचलली जाते, टोपण का नाही? मी ओट्यावर तसे विचारले. उत्तर आले, "त्यांना कॅमेरा लावायला लागतो ना सर, म्हनून घालतात." सगळे हसले, पण बोलणाऱ्याने ते विनोद म्हणून म्हटले नव्हते. कोणत्याही व्हिडिओत चालक हेल्मेट का घालतो हे सांगत नाही. सांगतो तो कंपनीचे नाव आणि किंमत. ती किंमत मुलाच्या गाडीच्या दोन-तीन हप्त्यांएवढी असते. साधे, भारतीय मानक चिन्ह असलेले हेल्मेट त्याच्या काही अंशात मिळते, आणि १ जून २०२१ पासून त्या चिन्हाशिवाय हेल्मेट विकता येत नाही, हे मुलांना माहीत नव्हते. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसणारीच्या डोक्यावर हेल्मेट मी या भागात अजून पाहिलेले नाही. डोक्याला जबर मार लागला तर इथून नाशिक गाठावे लागते. जव्हारहून ते सुमारे ८० किलोमीटर, आणि वाटेत तोच तोरंगणचा घाट.

सगळेच व्हिडिओ टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. साखळी किती सैल असावी, टायरमधली हवा कशी तपासावी, ब्रेकची केबल कशी बदलावी हे दाखवणारे मराठी-हिंदी व्हिडिओ मी पाहिले आणि त्यातून स्वतः शिकलो. तिथे थांबवून, मागे नेऊन, हातात पाना घेऊन करता येते. चूक झाली तर नटच सैल राहतो आणि तो पुन्हा आवळता येतो. ज्या गोष्टी सावकाश करता येतात त्या व्हिडिओतून उत्तम शिकता येतात. अडचण दोन सेकंदांत कराव्या लागणाऱ्या गोष्टींची आहे.

मला खटकली ती आणखी एक उणीव. पेट्रोल वाचवायला घाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडायची, काहीजण इंजिनही बंद करतात, ही इथली सर्रास सवय. तिच्यावर एकही व्हिडिओ मला सापडला नाही. दोन माणसे आणि सामान धरून २४० किलो वजनाची गाडी १०० मीटर उंची उतरली तर सुमारे २ लाख ३५ हजार ज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. पाऊण लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ती उष्णता आहे. गाडी गिअरमध्ये असेल तर बराच वाटा इंजिन घेते; न्यूट्रलमध्ये जवळजवळ सगळी ब्रेकच्या पट्ट्यांवर येते. त्या तापतात आणि पकड सोडू लागतात, तीही शेवटच्या वळणांवर. शहरातून सहलीला येणाऱ्याला ही सवय नसते, म्हणून त्याच्या व्हिडिओत हा प्रश्न नसतो. इथल्या मुलांचे प्रश्न इथल्या कोणीतरी चित्रित केले पाहिजेत.

मित्राने ते मनावर घेतले आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना गाडीवर बसवायचे नाही, हे त्याने पहिल्यांदाच ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा पालकांना पंचवीस हजार दंड आणि तुरुंगवासही सांगतो, ते त्याने पालक सभेत वाचून दाखवले. मुलांनी करायची कामे पायी करण्याजोगी आहेत. शाळेखालच्या वळणाची त्रिज्या त्यांनी काढली. आतल्या कडेला, गटाराच्या बाजूने, २० मीटर दोरी ताणून धरली आणि दोरीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजले. दोरीच्या लांबीच्या वर्गाला त्या अंतराच्या आठपटीने भागले आणि अंतराचा अर्धा भाग मिळवला. अंतर आले २ मीटर ९० सेंटिमीटर, त्रिज्या पावणेएकोणीस मीटर. पावसाळ्यातला घर्षणांक ०.३ धरला तर वेग निघतो ताशी सत्तावीस किलोमीटरच्या आतबाहेर. मुलांनी खाली येऊन २५ धरला.

मग त्यांनी साध्या भिंगाने, डोळ्यांच्या उंचीवरून, चालत चालत त्याच वळणाचा चार मिनिटांचा व्हिडिओ केला. संगीत नाही. आतल्या कडेला साचलेली खडी, आंब्याखालचे शेवाळ, समोरून येणारी जीप कोणत्या दगडापाशी पहिल्यांदा दिसते ते, आणि काठी टेकत चालणारा तो मुलगा, कुठे ब्रेक दाबला ते दाखवताना. परीक्षण म्हणून सांगायचे तर चित्रण कंटाळवाणे आहे, वाऱ्याने आवाज फाटला आहे आणि मधला एक मिनिट सहज कापता आला असता. रस्ता मात्र आहे तेवढाच अरुंद दिसतो.